विंडसरची रिकामी तिजोरी आणि डेव्हिड क्रॉल

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात, डेट्रॉइट नदीच्या दक्षिण काठावर वसलेले विंडसर हे शहर मोटारींच्या कारखान्यांसाठी आणि नदीपलीकडच्या अमेरिकन डेट्रॉइटच्या सान्निध्यासाठी ओळखले जाते. परंतु गरीब माणसाच्या निर्वाहाची जबाबदारी नगरपालिकेची, प्रांताची की केंद्राची, या विसाव्या शतकातल्या मोठ्या घटनात्मक वादातही या शहराचे स्थान महत्त्वाचे आहे. त्याचे कारण डेव्हिड आर्नोल्ड क्रॉल (१९००–१९९१) हा तेथील लोकप्रतिनिधी होय. विंडसरचे महापौर, ऑन्टॅरिओच्या विधानसभेतील आमदार, त्या प्रांताचे मंत्री, कॅनडाच्या लोकसभेचे सदस्य आणि अखेरीस सिनेट या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य अशी त्यांची कारकीर्द सुमारे साठ वर्षे चालली. १९३७ मध्ये कामगारांची बाजू घेऊन मंत्रिपद गमावणारा नेता म्हणून त्यांचे नाव मुख्यतः घेतले जाते. तो प्रसंग मोलाचा खराच. पण संपूर्ण कारकीर्द एकत्र ठेवून पाहिली तर तिच्यातून त्याहून खोल असे एक सूत्र हाती लागते. गरिबांचा भार शहराच्या घरपट्टीवरून उचलून क्रमाक्रमाने प्रांताच्या आणि मग देशाच्या तिजोरीवर नेण्याचे काम क्रॉल यांनी जन्मभर केले, आणि त्याची निकड त्यांना मंत्रालयात नव्हे तर विंडसरच्या महापौरपदावर असताना कळली.

हे नीट समजण्यासाठी कॅनडाची राज्यघटना पाहणे आवश्यक आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १८६७ मध्ये केलेल्या कायद्याने कॅनडाचे संघराज्य अस्तित्वात आले, तेव्हा संरक्षण, चलन, जकात आणि उत्पन्नाची बहुतेक मोठी साधने केंद्राकडे गेली, तर रुग्णालये, धर्मादाय संस्था आणि नगरपालिकांचा कारभार प्रांतांकडे आला. त्या काळात गरिबांना मदत करणे हे चर्चचे, नातलगांचे आणि फार तर गावाचे काम मानले जात असल्यामुळे हा विषय प्रांतांच्या यादीत पडला, आणि प्रांतांनी तो प्रत्यक्षात नगरपालिकांकडे ढकलला. नगरपालिकेच्या उत्पन्नाचा मुख्य स्रोत म्हणजे जमीनजुमला आणि घरे यांवरील कर, अर्थात घरपट्टी. ज्या वेळी कारखाने बंद पडतात त्याच वेळी गरिबांची संख्या वाढते आणि त्याच वेळी लोकांना घरपट्टी भरणे अशक्य होते. म्हणजे मदतीची गरज जितकी वाढावी तितके मदत करणाऱ्याचे उत्पन्न आटावे, अशीच ही रचना होती. चांगल्या काळात हा दोष झाकलेला राहिला. विंडसरमध्ये तो इतर शहरांच्या आधी आणि अधिक तीव्रतेने उघडा पडला.

१९३५ पूर्वी आजचे विंडसर एकसंध शहर नव्हते. नदीकाठाने एकमेकांना खेटून वसलेल्या विंडसर, वॉकरव्हिल, सँडविच, फोर्ड सिटी आणि आसपासच्या वस्त्यांना मिळून सीमाशहरे असे म्हटले जाई. वॉकरव्हिल हे हायरम वॉकर या मद्य उत्पादकाने १८५८ मध्ये काढलेल्या कारखान्याभोवती आखीव पद्धतीने वसलेले सधन गाव होते. त्याच परिसरात १९०४ मध्ये गॉर्डन मॅकग्रेगर यांनी आपल्या घोडागाड्यांच्या कारखान्यात हेन्री फोर्ड यांच्याशी करार करून फोर्ड मोटर कंपनी ऑफ कॅनडा सुरू केली आणि कारखान्याच्या पूर्वेस कामगारांची फोर्ड सिटी उभी राहिली, जिचे नाव १९२९ मध्ये ईस्ट विंडसर झाले. अमेरिकन कंपनीने नदी ओलांडून कॅनडात कारखाना काढण्याचे कारण जकातीत होते. कॅनडात बनलेल्या मालाला ब्रिटिश साम्राज्याच्या अनेक भागांत सवलतीचा दर मिळत असे, आणि ब्रिटन वगळता साम्राज्यातील बाजारपेठांचे हक्क कॅनडाच्या फोर्ड कंपनीकडे होते. हिंदुस्थानही त्यात मोडत असे. १९२६ मध्ये या कॅनेडियन कंपनीने हिंदुस्थानात आपली उपकंपनी काढली आणि मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे मोटारी जुळवण्याचे काम सुरू झाले. म्हणजे मुंबईच्या रस्त्यांवर धावणाऱ्या फोर्ड गाड्यांचा व्यापार नदीकाठच्या याच गावाशी जोडलेला होता, आणि त्या गावाचे पोट साता समुद्रांपलीकडच्या गिऱ्हाइकांवर अवलंबून होते.

अशा एकाच धंद्यावर जगणाऱ्या शहरावर १९२९ च्या मंदीचा घाला पडला, तेव्हा सावरायला दुसरा आधार नव्हता. कॅनडातील मोटारींचे वार्षिक उत्पादन १९२९ मध्ये सुमारे २ लाख ६० हजार होते, ते १९३२ मध्ये सुमारे ६० हजारांवर आले. रोज नदी ओलांडून डेट्रॉइटच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या विंडसरकरांचीही कामे गेली, कारण डेट्रॉइटमध्येच बेकारांच्या झुंडी होत्या. १९२९ च्या नोव्हेंबरात नदीवर अँबॅसडर पूल आणि त्यानंतर वर्षभरात नदीखालचा बोगदा खुला झाला होता. दोन देशांना जोडणाऱ्या या भव्य बांधकामांच्या उद्घाटनाची आणि शहर बसण्याची वेळ एकच यावी हा दैवदुर्विलास होता. भरभराटीच्या दशकात या छोट्या छोट्या नगरपालिकांनी रस्ते, गटारे, शाळा आणि पाणीपुरवठा यांसाठी कर्जरोखे विकून मोठी कर्जे काढली होती, आणि ती फेडायची तर घरपट्टीतूनच. घरपट्टी थकली, कर्जाचे हप्ते थकले, आणि बेकारांना द्यायच्या मदतीचा, म्हणजे त्या काळी सर्वत्र ज्याला रिलीफ म्हणत त्या शिधा, कोळसा व घरभाड्याच्या तरतुदीचा, खर्च मात्र महिन्यागणिक वाढत गेला. थेट मदतीच्या खर्चाचा साधारण एक तृतीयांश वाटा केंद्र, एक तृतीयांश प्रांत आणि उरलेला नगरपालिका उचलेल असा तडजोडीचा नियम पुढे रूढ झाला, परंतु दिवाळखोर नगरपालिकेला आपला वाटा तरी कुठून आणायचा हा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

या परिस्थितीत १९३१ च्या आरंभी क्रॉल विंडसरचे महापौर झाले. रशियन साम्राज्यातील, आज बेलारूसमध्ये असलेल्या मोझिर गावी जन्मलेले हे ज्यू कुटुंबातील मूल बालपणीच आईवडिलांबरोबर विंडसरला आले, वर्तमानपत्रे विकून आणि बुटांना पॉलिश करून शाळा शिकले, टोरांटोच्या ऑस्गुड हॉलमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन गावी परतले आणि वकिली करू लागले. एकतिसाव्या वर्षाच्या आत शहराचा कारभार हाती आलेल्या या तरुणाने बेकारांची मदत थांबू द्यायची नाही, हे धोरण धरले. धनकोंचे देणे आधी की उपाशी कुटुंबाचा शिधा आधी, असा पेच जिथे पडेल तिथे शिधा आधी, ही त्यांची भूमिका होती, आणि ती कारखान्यांतल्या कामगारवस्तीत त्यांच्या लोकप्रियतेचे कारण ठरली. या पदावरील अनुभवाला येथे जास्त वजन दिले आहे ते एवढ्यासाठी, की पुढे मंत्री असताना किंवा सिनेटमध्ये त्यांनी मांडलेल्या जवळजवळ प्रत्येक योजनेमागे हाच हिशेब दिसतो: मदत देणाऱ्याची तिजोरी मदत घेणाऱ्याच्या संकटाबरोबरच रिकामी होत असेल, तर ती तिजोरीच चुकीची आहे.

१९ जून १९३४ रोजी ऑन्टॅरिओत झालेल्या निवडणुकीत लिबरल पक्षाने कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची सत्ता उलथवली आणि मिचेल हेपबर्न हे अवघ्या ३७ वर्षांचे शेतकरी नेते प्रांताचे पंतप्रधान झाले; प्रांताच्या सरकारप्रमुखाला तेथे आजही प्रीमियर म्हणतात, आणि १९३७ नंतर मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांना ज्या अर्थाने पंतप्रधान म्हणत तोच तो अर्थ. हेपबर्न हे भाषणांनी सभा जिंकणारे, मागच्या सरकारच्या उधळपट्टीचा निषेध म्हणून सरकारी मोटारींचा जाहीर लिलाव करणारे पुढारी होते. विंडसर–वॉकरव्हिल मतदारसंघातून निवडून आलेल्या क्रॉल यांना त्यांनी मंत्रिमंडळात घेतले, आणि क्रॉल हे कॅनडातील कोणत्याही मंत्रिमंडळात बसणारे पहिले ज्यू मंत्री ठरले. लोककल्याण आणि नगरपालिका व्यवहार ही खाती त्यांच्याकडे होती. पुढे कामगार खातेही आले. महापौर म्हणून ज्या दारात हात पसरावा लागत होता, त्याच दाराच्या आत आता ते बसले होते.

नगरपालिका व्यवहार मंत्री म्हणून त्यांनी पहिला मोठा निर्णय आपल्याच गावाबाबत घेतला. १९३५ च्या कायद्याने विंडसर, ईस्ट विंडसर, वॉकरव्हिल आणि सँडविच या चार नगरपालिका एकत्र करून एकच विंडसर शहर निर्माण करण्यात आले आणि त्यांच्या कर्जाची फेररचना प्रांताच्या देखरेखीखाली सुरू झाली. वॉकरव्हिलच्या रहिवाशांनी याला कडवा विरोध केला, आणि त्यांची बाजू समजण्यासारखी होती: त्यांच्या गावची व्यवस्था शेजाऱ्यांपेक्षा चांगली होती, मद्याच्या आणि मोटारींच्या कारखान्यांचा कर त्यांच्याकडे येत होता, आणि शेजारच्या कामगारवस्त्यांचे कर्ज व बेकारी आता त्यांच्याही माथी येणार होती. पण विलीनीकरणाचा न्याय नेमका याच गोष्टीत होता. कारखान्याचे उत्पन्न एका गावाला आणि त्या कारखान्यातून कमी केलेल्या कामगाराच्या पोटाची चिंता दुसऱ्या गावाला, ही विभागणी नगरपालिकेच्या सीमारेषेने तयार केलेली होती, आणि ती पुसल्याशिवाय नदीकाठच्या वस्त्यांचा हिशेब जुळणार नव्हता.

कर्जरोख्यांचे व्याज कमी झाल्यामुळे धनकोंनी हे प्रकरण न्यायालयात नेले आणि ते थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. प्रिव्ही कौन्सिलची न्यायसमिती ही त्या वेळी ब्रिटिश साम्राज्याचे अंतिम अपील न्यायालय होती. मुंबईच्या उच्च न्यायालयातील दाव्यांची अपिलेही तिच्याकडेच जात असत. लॅडोर विरुद्ध बेनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९३९ च्या निकालात न्यायसमितीने असे ठरवले की नगरपालिका निर्माण करणे, विलीन करणे आणि बुडीत नगरपालिकांची आर्थिक घडी बसवणे हा प्रांताच्या अधिकाराचा भाग आहे, आणि त्या ओघात धनकोंच्या व्याजावर परिणाम झाला म्हणून कायदा अवैध ठरत नाही. कॅनडाच्या घटनात्मक कायद्याच्या अभ्यासात हा निकाल आजही वाचला जातो. एका दिवाळखोर गावाच्या निमित्ताने प्रांतिक सत्तेची एक महत्त्वाची कक्षा निश्चित झाली, ती अशी.

कल्याण खात्यातील त्यांचे काम सरसकट गौरवाचे नव्हते. ऑन्टॅरिओत १९२० पासून निराधार मातांना भत्ता मिळत असे, परंतु त्यासाठी किमान दोन मुले असण्याची अट होती. १९३५ मध्ये ही अट शिथिल होऊन एका मुलाच्या मातेलाही भत्ता मिळू लागला. ही लहान वाटणारी दुरुस्ती हजारो घरांच्या दृष्टीने मोठी होती. उलट, मदतीवरचा खर्च आवरण्याचा दबाव मंत्री झाल्यावर त्यांच्यावरही आला आणि बेकारांच्या संघटनांशी त्यांचे खटके उडाले; ज्या महापौराने शिध्यासाठी प्रांताशी भांडण केले त्यालाच मंत्री म्हणून इतर महापौरांच्या मागण्यांना कात्री लावावी लागली. आणखी एक प्रकरण याहून क्लेशकारक आहे. २८ मे १९३४ रोजी ऑन्टॅरिओच्या उत्तर भागात दियॉन नावाच्या गरीब फ्रेंचभाषक कुटुंबात एकाच वेळी पाच मुली जन्मल्या आणि सगळ्या जगल्या. खासगी तमासगिरांपासून त्यांचे रक्षण करण्यासाठी म्हणून प्रांताने १९३५ मध्ये खास कायदा करून त्यांचे पालकत्व स्वतःकडे घेतले, आणि कल्याणमंत्री या नात्याने क्रॉल त्यांचे पालक झाले. पुढे मात्र त्या मुलींना आईवडिलांपासून वेगळे, प्रेक्षकांसाठी बांधलेल्या गॅलरीच्या आत खेळवत वाढवले गेले, लाखो पर्यटक त्यांना पाहून गेले आणि प्रांताला त्यातून उत्पन्न मिळाले. १९९८ मध्ये ऑन्टॅरिओ सरकारने हयात असलेल्या तीन बहिणींना ४० लाख डॉलर दिले. दुर्बलाचे रक्षण वरच्या सत्तेने करावे, या क्रॉल यांच्या विचारातला धोका या एका प्रकरणात पूर्णपणे दिसतो: वरची सत्ता रक्षणाच्या नावाखाली मालकही होऊ शकते. त्यांच्या चरित्राचा विचार करताना हे बाजूला ठेवता येत नाही.

१९३७ च्या एप्रिलमधील घटना समजण्यासाठी तेव्हाच्या अमेरिकन कामगार चळवळीतील बदल पाहावा लागतो. तोवर तेथील कामगार संघटना मुख्यतः कसबानुसार असत. सुतारांची वेगळी, यंत्रकारांची वेगळी. मोटारींच्या कारखान्यातील पट्ट्यावर काम करणाऱ्या बिनकसबी मजुराला त्यांत जागा नव्हती. सीआयओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या महासंघाने एका उद्योगातील सर्व कामगारांची एकच संघटना हे तत्त्व पुढे आणले, आणि मोटार कामगारांची युनायटेड ऑटो वर्कर्स ही संघटना त्याच तत्त्वावर उभी राहिली. हे लोण कॅनडातही पोहोचले आणि १९३६ च्या डिसेंबरात विंडसरच्या केल्सी व्हील कारखान्यात संप झाला. त्यानंतर ८ एप्रिल १९३७ रोजी टोरांटोच्या पूर्वेस असलेल्या ओशावा येथील जनरल मोटर्सच्या सुमारे ४ हजार कामगारांनी काम थांबवले. ही तीच कंपनी, जिचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून मुंबईत मोटारी जुळवत होता.

हेपबर्न यांना ओशावापेक्षा उत्तर ऑन्टॅरिओतील सोन्याच्या आणि निकेलच्या खाणींची काळजी अधिक होती; तेथे सीआयओ पोहोचली तर खाणमालकांचा नफा आणि प्रांताचे उत्पन्न धोक्यात येईल, अशी त्यांची धारणा होती. केंद्राकडे त्यांनी पोलीस मागितले, आणि पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी जादा कुमक नाकारल्यावर त्यांनी स्वतःचे खास पोलीस दल भरती केले. संप शांततेने चालला होता, तरीही कामगारमंत्री क्रॉल यांना बाजूला सारून हेपबर्न यांनी सगळी सूत्रे हाती घेतली आणि १४ एप्रिल रोजी क्रॉल आणि महाधिवक्ता आर्थर रोबक या दोघांचे राजीनामे मागितले. क्रॉल यांच्या उत्तरातील वाक्य कॅनडाच्या कामगार इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. जनरल मोटर्सच्या गाडीत बसून फिरण्यापेक्षा आपली जागा कामगारांबरोबर पायी चालण्यात आहे, अशा आशयाचे ते वाक्य होते. २३ एप्रिलला समझोता झाला. आठवड्याला ४४ तासांचे काम, पगारवाढ आणि नोकरीतील ज्येष्ठतेचा नियम हे कामगारांना मिळाले. करारात सीआयओचे नाव मात्र येऊ दिले गेले नाही. नाव नसले तरी संघटना राहिली, आणि ओशावाच्या या संपापासून कॅनडातील औद्योगिक कामगार संघटनांचा नवा काळ मोजला जातो.

त्याच सुमारास मुंबई इलाख्यातही निवडून आलेले सरकार आणि गिरणी कामगार समोरासमोर आले होते. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली १९३७ मध्ये आलेल्या खेर मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयक मांडले, ज्याने संपापूर्वी सलोख्याची दीर्घ प्रक्रिया बंधनकारक होत होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधानसभेत त्याला विरोध केला, संप करण्याचा हक्क हा स्वातंत्र्याचाच भाग आहे अशी मांडणी केली, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या पक्षाने व कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप घडवला. मुंबईत हा विरोध विरोधी बाकांवरून आणि रस्त्यावरून झाला. टोरांटोत तो मंत्रिमंडळाच्या आतून झाला. विरोधी बाकावरच्या सदस्याला पद सोडावे लागत नाही, म्हणून त्याचा विरोध कमी धैर्याचा ठरत नाही. पण आपल्याच पक्षाचे सरकार मालकांच्या बाजूला उभे राहिल्यावर खुर्ची सोडणारा कामगारमंत्री त्या काळात क्वचितच आढळतो, आणि क्रॉल यांचा मान त्या दुर्मीळतेत आहे.

मंत्रिपद गेले, पक्ष मात्र त्यांनी सोडला नाही. ऑक्टोबर १९३७ च्या निवडणुकीत ते लिबरल म्हणूनच विंडसर–वॉकरव्हिलमधून पुन्हा निवडून आले आणि सभागृहात मागच्या बाकांवर बसू लागले. १९३९ व १९४० मध्ये ते आमदार असतानाच पुन्हा विंडसरचे महापौर होते, आणि युद्ध सुरू होताच एसेक्स स्कॉटिश या स्थानिक पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झाले. युद्धाअखेर ते लेफ्टनंट कर्नल होते. ज्या प्रश्नाने त्यांना घडवले होते त्याला याच काळात केंद्राच्या पातळीवर पहिले उत्तर मिळाले. प्रांत आणि केंद्र यांच्या आर्थिक संबंधांचा विचार करण्यासाठी १९३७ मध्ये नेमलेल्या रोवेल–सिर्वा आयोगाने १९४० च्या अहवालात बेकारीचा भार केंद्राने घ्यावा असे सुचवले, आणि त्याच वर्षी घटनादुरुस्ती होऊन बेकारी विमा हा केंद्राचा विषय झाला. विंडसरसारख्या बुडालेल्या नगरपालिकांचे हिशेब पुढ्यात नसते तर नऊ प्रांतांच्या संमतीने ही दुरुस्ती होणे कठीण होते.

१९४५ मध्ये क्रॉल टोरांटोच्या स्पडायना मतदारसंघातून केंद्रीय लोकसभेवर निवडून गेले. कापड आणि शिलाईच्या धंद्यातील ज्यू कामगारांची ही वस्ती होती, आणि युद्धानंतर युरोपातल्या छावण्यांत अडकलेल्या निर्वासितांना कॅनडाची दारे उघडावीत, हा त्यांच्या मतदारांचा जिव्हाळ्याचा प्रश्न होता. सभागृहात त्यांनी तो लावून धरला. प्रांतिक मंत्रिपदाचा अनुभव, सैन्यातील सेवा आणि सलग निवडणुकांतील विजय असूनही किंग यांनी किंवा त्यांच्यानंतरच्या लुई सॅं लोरां यांनी त्यांना मंत्रिमंडळात घेतले नाही. त्या काळच्या ओटावात ज्यू माणसाला केंद्रीय मंत्री करण्याची तयारी नव्हती, हे यामागचे कारण होते असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे, आणि वस्तुस्थिती पाहता ते मानण्यावाचून गत्यंतर नाही. कॅनडाच्या केंद्रीय मंत्रिमंडळात पहिला ज्यू मंत्री १९६९ मध्ये आला. ते हर्ब ग्रे होत, आणि तेही विंडसरचेच प्रतिनिधी होते. क्रॉल यांना १९५५ मध्ये सिनेटमध्ये नेमण्यात आले, तेथेही ते पहिलेच ज्यू सदस्य होते.

कॅनडाचे सिनेट हे नेमलेल्या सदस्यांचे सभागृह आहे आणि १९६५ पूर्वी नेमलेला सदस्य तेथे तहहयात बसू शकत असे. थकलेल्या पुढाऱ्यांची विश्रांतीची जागा अशी त्याची ख्याती होती. क्रॉल यांनी या सभागृहाचा एक वेगळाच उपयोग शोधला: विशेष समित्या नेमून घ्यायच्या, देशभर फिरून साक्षी घ्यायच्या आणि सरकारला टाळता येणार नाही असा अहवाल ठेवायचा. वार्धक्याच्या प्रश्नावरील विशेष समितीचे अध्यक्षपद त्यांनी १९६३ ते १९६६ या काळात सांभाळले. समितीने वृद्धांना किमान उत्पन्नाची हमी देण्याची शिफारस केली, आणि १९६७ पासून गरीब वृद्धांना सरसकट पेन्शनच्या वर उत्पन्न पाहून पूरक रक्कम देणारी केंद्रीय योजना सुरू झाली. वृद्धांमधील दारिद्र्य कमी करण्यात या योजनेचा वाटा मोठा आहे.

त्यानंतरची दारिद्र्यविषयक समिती अधिक महत्त्वाकांक्षी होती. कॅनडाच्या आर्थिक परिषदेने १९६८ मध्ये देशातील किमान पाचातला एक माणूस गरीब असल्याचे सांगितल्यावर सिनेटने क्रॉल यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७१ मध्ये आला. काम करणाऱ्यालाही आणि काम नसलेल्यालाही, उत्पन्न एका रेषेखाली गेले की करव्यवस्थेमार्फतच तूट भरून देणारी किमान उत्पन्नाची हमी केंद्राने द्यावी, ही त्याची मुख्य शिफारस होती. समितीच्या काही कर्मचाऱ्यांना हा अहवाल फारच सौम्य वाटला. दारिद्र्याची मुळे आर्थिक व्यवस्थेतच आहेत हे त्यात पुरेसे नाही, अशी त्यांची तक्रार होती आणि त्यांनी बाहेर पडून त्याच वर्षी स्वतःचा पर्यायी अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्या टीकेत तथ्य होते. क्रॉल हे व्यवस्था पालटू पाहणारे नव्हते. तिजोऱ्यांची मांडणी बदलू पाहणारे होते.

याच वर्षांत महाराष्ट्रातही एका वरिष्ठ सभागृहाचा नेता अशाच प्रश्नाशी झुंजत होता. १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम ही कल्पना मांडली, सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळाने तिची गरज सिद्ध केली, आणि रोजगार हमीचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पागे यांनी कामाची हमी मागितली, क्रॉल यांनी उत्पन्नाची; एकाच्या समोर कोरडवाहू शेतीवरचा मजूर होता, दुसऱ्याच्या समोर बंद कारखान्याबाहेरचा कामगार. पण महाराष्ट्राने या योजनेसाठी १९७५ मध्ये शहरातील नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, यात वॉकरव्हिलला ईस्ट विंडसरशी जोडणारेच तत्त्व होते: ज्या भागात उत्पन्न आहे त्याने, जिथे ते नाही त्या भागाचा भार उचलावा. पागे यांच्या कल्पनेचा पुढे २००५ मध्ये देशव्यापी कायदा झाला. क्रॉल यांची कामकरी वयाच्या लोकांसाठीची उत्पन्नहमी कॅनडात कायद्यात उतरली नाही. मॅनिटोबा प्रांतात १९७० च्या दशकात तिचा प्रयोग तेवढा झाला.

१९९० मध्ये नव्वदाव्या वर्षी क्रॉल यांना राणीच्या कॅनडातील प्रिव्ही कौन्सिलचे सदस्यत्व देण्यात आले, जे एरवी केंद्रीय मंत्र्यांना मिळते. ११ जून १९९१ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते सिनेटचे सदस्य होते. टोरांटोत ब्लूर रस्त्यावरची, पूर्वी रॉचडेल कॉलेज म्हणून गाजलेली उंच इमारत वृद्धांच्या निवासासाठी त्यांच्या नावाने ओळखली जाते.

त्यांच्या मृत्यूनंतर भाराची दिशा काही काळ उलटी फिरली. गरिबांच्या मदतीच्या खर्चात प्रांतांना निम्मा वाटा देणारी १९६६ ची केंद्रीय योजना १९९६ मध्ये गुंडाळण्यात आली, आणि १९९८ च्या फेररचनेत ऑन्टॅरिओने सामाजिक साहाय्याच्या रकमेचा पाचवा हिस्सा नगरपालिकांच्या घरपट्टीवर टाकला. मोटार उद्योग पुन्हा खालावू लागलेल्या विंडसरसारख्या शहरांना त्याची झळ सर्वांत आधी लागणे अटळ होते. २००८ च्या अखेरीस, जागतिक मंदीच्या तोंडावर, प्रांत आणि नगरपालिका यांच्यात करार झाला आणि हा खर्च टप्प्याटप्प्याने २०१८ पर्यंत पुन्हा प्रांताकडे घेण्याचे ठरले. त्या वेळी ऑन्टॅरिओचे अर्थमंत्री असलेले ड्वाइट डंकन हे विंडसर–टेकुम्सेचे आमदार होते.